गाद्या आल्या नाहीत म्हणून

११ जानेवारी

ताई,

नमस्कार. रागावलेल्या माणसालाही आधी नमस्कार करायचा असतो, हे तुझंच शिकवणं. फोन तू उचलत नाहीस म्हणून हे आणखी एक पत्र. पत्र न वाचता परत पाठवायचं तर पोस्टात जावं लागतं आणि त्याचा तुला भारी कंटाळा, एवढ्याच भरवशावर लिहिते आहे.

कपाटाचा विषय मी काढणार नाही. काढणार नाही म्हटलं की निघतोच, म्हणून एकदाच आणि शेवटचा. तू मैत्रिणीकडे गेली होतीस तेव्हा तुझं कपाट मी माझ्याकडे आणवलं. मला वाटलं होतं, परत आल्यावर रिकामी भिंत बघून तू हसशील आणि बॅग भरून कपाटामागोमाग निघशील. खोली तयार होती, पडदे तुझ्या आवडीचे होते. तू शाळेच्या नोकरीतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, आणि मला दुसरी बहीण नाही. यात विचारायचं काय होतं? तर तू दुसऱ्याच दिवशी माणूस धाडून कपाट परत नेलंस आणि त्याच्याजवळ एका वाक्याचा निरोप दिलास, "तिला सांगा, मी सामान नाही." त्यावर उत्तर शोधते आहे. सुचलं की कळवीन. आमचे हे म्हणतात, "तुम्ही दोघी एकाच सुंभाचे दोन पीळ, जळलात तरी जायचा नाही."

असो. विद्यापीठातली कामं जोरात आहेत. कुणाला परिषदेला जायचंय, कुणाला तोंडी परीक्षा घ्यायला, भूगर्भवाल्यांना नेहमीप्रमाणे दगड गोळा करायला. तिकीट, मुक्काम, विमा, परवानगी, सगळं माझ्या टेबलावरून जातं. पोचल्यावर प्रत्येकानं ‘पोचलो’ एवढं कळवायचं, आणि तोवर त्याची फाईल बंद करायची नाही, हा माझा नियम आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय. रसायनशास्त्राचे सर घरी परतल्यावरसुद्धा आधी मला कळवतात, मग बायकोला हाक मारतात. चालकांसाठी वेगळा नियम आहे, "डोकं लावू नका, कागद पाळा." मागे एका चालकानं जवळचा रस्ता शोधून काढला आणि अर्थशास्त्राचा अख्खा विभाग भलत्याच गावात परिषद शोधत हिंडला. तेव्हापासून कागदावर जो पत्ता, तिथंच गाडी थांबते.

पुढच्या आठवड्यात नाट्य विभागाची मुलं आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघणार आहेत. सोबत त्यांचे सर, ज्यांना सगळे ‘तिसरी घंटा’ म्हणतात, कारण ती झाल्याशिवाय ते कुठंच उगवत नाहीत. स्पर्धा तुझ्या शेजारच्या गावात आहे. मुलांना तुझ्याकडे उतरवावं असा मोह मला झाला होता, खोटं कशाला बोलू. पण कानाला खडा. त्यांच्यासाठी विश्रामगृह ठरवलंय. तुझ्या वाटेला कुणी येणार नाही.

पत्राचं पाकीट आणि मुलांचा कागद दोन्ही आत्ताच हातावेगळं करते.

तुझी,
धाकटी


१९ जानेवारी

ताई,

मी मुद्दाम केलेलं नाही.

हे पहिलं वाक्य लिहून मी अर्धा तास बसले आहे, कारण यापुढचं काहीही तुला खरं वाटणार नाही. मागच्या पत्रात मोह झाल्याचं मीच लिहून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काल संध्याकाळी ‘पोचलो’ची वाट बघत मी कार्यालयात बसले होते. तिसरी घंटा सरांचा फोन आला. खुशीत होते. "मॅडम, पोचलो. व्यवस्था फारच घरगुती आहे. फक्त व्यवस्थापक बाई जरा कडक आहेत. आल्या आल्या सगळ्यांना चपला ओळीत लावायला लावल्या आणि गाडी लागलेल्या मुलीला लिंबूपाणी देऊन आडवं केलं."

मी म्हटलं, विश्रामगृहात तर व्यवस्थापक पुरुष आहे. ते म्हणाले, "नाही हो, बाई आहेत. नाक तुमच्यासारखंच आहे." तेव्हा मी खुर्चीत बसले. बसलेलीच होते, पण पुन्हा बसले.

झालं ते एवढंच. पाकिटावर तुझा पत्ता लिहिला आणि हात तसाच पुढे मुलांच्या कागदावर चालला. इतक्या वेळा लिहिलाय तो पत्ता या काही महिन्यांत, की हाताला विचारावं लागत नाही. खाली सही केली, शिक्का मारला. चालकानं तुझ्या फाटकापाशी गाडी उभी केली. सर म्हणाले, हे घर दिसतंय. तो म्हणाला, "बाईंच्या कागदात आजवर चूक निघालेली नाही. म्हणजे विश्रामगृह हेच." मी चुका करत नाही, ही माझी आजवरची कीर्ती अशी माझ्यावरच उलटली. तूही तेच म्हणाली असशील. ती चुकत नाही, म्हणजे हे तिचंच कारस्थान.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. इथं तर घोड्यांचा तांडाच. वीसेक पोरं, त्यांच्या पेट्या, वर एक तलवार. तलवार लाकडी आहे, घाबरू नकोस.

मी रीतसर विश्रामगृहाला फोन केला, खोल्या रिकाम्या होत्या. सरांना म्हटलं, मुलांना उचला आणि तिकडे न्या. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही विचारलं. बाई म्हणाल्या, जेवून झोपायला टेकलेल्या पोरांना कुठं हलवता, बसा गप." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मी बसलो."

आज सकाळी नेपथ्याचा टेम्पो निघणार होता. मी वसतिगृहातून गाद्या मागवल्या, उशा मागवल्या, टेम्पोत चढवल्या. पांघरुणांची सोय बघत होते आणि मधेच थांबले. मला तुझं तोंड दिसलं. दार उघडून तू गाद्या बघतेस आणि म्हणतेस, "आल्या का. वाटलंच." तुझ्या घरात किती जण झोपणार आणि कशावर झोपणार, हे पुन्हा मीच ठरवत होते, तुला न विचारता. मी सगळ्या गाद्या उतरवल्या. टेम्पोवाले काका म्हणाले, "बाई, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी मला चढवलेली वस्तू उतरवताना कधी पाहिलेलं नाही.

मुलं आज जमिनीवर झोपतील. तरी पाठवत नाही. काय हवं ते तू सांग, म्हणजे पाठवीन. नाही सांगितलंस तर नाही पाठवणार. हे लिहिताना मला किती जड जातंय ते तुला कळेल.

पत्र काकांच्या हाती देते आहे.

तुझी,
धाकटी


२१ जानेवारी

ताई,

टेम्पोवाले काका परत आले. तू मला काही सांगणार नाहीस, म्हणून तुझ्याच घरात काय घडलं ते त्यांच्याकडून ऐकून तुला सांगते आहे. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

काका म्हणाले, तू माझं पत्र दारातच, उभ्यानं, हात लांब करून वाचलंस. म्हणजे चष्मा अजून केलेला नाहीस. (सुचवत नाही. नुसतं लिहिते आहे.) मग पत्राची घडी घालून म्हणालीस, "लिहायला काय, ती लिहील. टेम्पो दाखवा." आणि स्वतः मागं जाऊन आत डोकावलीस. खोट्या भिंती, खोटा दरवाजा, एक सिंहासन. तू सिंहासन सरकवून त्याच्यामागंही बघितलंस.

"गाद्या नाहीत?" तू विचारलंस.

"चढवल्या होत्या," काका म्हणाले, "मग उतरवल्या."

"कुणी उतरवल्या?"

"बाईंनीच."

काका म्हणतात, तू सिंहासन पुन्हा जागेवर सरकवलंस. मग सरांना हाक मारून म्हणालीस, "अहो, ही खरंच चूक आहे. माझ्या बहिणीनं हे ठरवून केलं असतं ना, तर तुमच्या आधी गाद्या आल्या असत्या. उशांना अभ्रे घालून आल्या असत्या. कुणी कुठं झोपायचं त्याची चिठ्ठी गादीला टाचलेली असती. ही चूकच आहे. पहिलीच." आणि तू हसलीस. काका म्हणाले, बाई, मोठ्यांदा हसल्या, पोरं बाहेर आली बघायला.

ताई, मी ते काकांकडून दोनदा वदवून घेतलं.

इथली गंमत सांगते. माझी चूक झाल्याची बातमी विद्यापीठात वाऱ्यासारखी पसरली आणि माणसं बघायला येताहेत. गणिताचे सर हात मिळवून गेले. अर्थशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "आज तुमच्याशी बोलायला भीती वाटली नाही." कुलसचिव बाईंनी बोलावून घेतलं. त्या फार थोडं बोलतात. कागद बघितला, माझ्याकडे बघितलं. "हा पत्ता कुणाचा?" मी म्हटलं, बहिणीचा. "बोलता का एकमेकींशी?" मी म्हटलं, मी बोलते. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘यापुढे काळजी घ्यावी’, आणि मला चहा पाजला.

मुलं दोन रात्री शाळेच्या सतरंज्यांवर झोपली म्हणे, त्याही तूच शाळेतून मागून आणल्यास. आणि कुणाची पाठ दुखली नाही. मला हे नोंदवून ठेवायलाच हवं.

आणखी एक ऐकलं, ते मात्र मला पटेना. मुलांची वाक्यं पडद्यामागून सांगणाऱ्या मुलाचा घसा बसला, आणि त्याची वही आता तुझ्या हातात आहे? तालमीत तू नायिकेला सांगितलंस, "रडायचं ते रड, पण शेवटचा शब्द खाऊ नकोस"? सर म्हणे कोपऱ्यात बसून होते आणि बोलायला हात वर करत होते.

उद्या स्पर्धा. काका नेपथ्य परत आणायला पुन्हा निघताहेत, पत्र त्यांच्याच हाती देते. मुलांना माझ्याकडून शुभेच्छा सांग. किंवा नको सांगूस. तुझं तू ठरव.

तुझी,
धाकटी


२३ जानेवारी

ताई,

हे पत्र तू इथं असताना तिथं पोचेल, म्हणून पोस्टात टाकणार नाही. तरी लिहिते आहे, कारण दुपारपर्यंत हाताला काहीतरी काम हवं.

काल रात्रीपासून सरांचे फोन चालू आहेत. एकांकिकेत नायिका भर दरबारात वाक्य विसरली. तू पडद्यामागून सांगितलंस. तिला ऐकू आलं नाही. तू पुन्हा सांगितलंस, या वेळी वर्गातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि सवयीनं पुढं म्हणालीस, "आणि सरळ उभी रहा." ती खाडकन सरळ उभी राहिली आणि वाक्य असं काही म्हणाली की टाळ्या थांबेनात. परीक्षकांना वाटलं, तो राजकन्येच्या मेलेल्या आईचा आवाज. निकालात लिहिलंय, ‘अदृश्य पात्राचा वापर विलक्षण परिणामकारक’. मुलं दुसरी आली. अदृश्य पात्राला खास उल्लेख मिळाला, आणि तू तो घ्यायला पुढं गेली नाहीस, कारण तुझ्या मते ती फसवणूक होती. परीक्षकांना खरं काय ते सांगूनही आलीस. ते म्हणाले, राहू द्या.

मी हे ह्यांना सांगताना इतकी हसले की ठसका लागला.

आणि मग आज सकाळी सरांचा शेवटचा फोन. जरा चाचरत. "मॅडम, परतीच्या गाडीत एक जागा हवी होती. बाहेरची व्यक्ती आहे. नियमात बसत नाही, म्हणून आधी विचारतो."

 मी फोन घेऊन तशीच कुलसचिव बाईंच्या खोलीत गेले आणि त्यांच्यासमोर धरला.

"प्रवासाचं कारण?" त्यांनी विचारलं.

"कामानिमित्त, असं त्या म्हणतात," सर म्हणाले.

"काय काम?"

पलीकडे कुजबुज झाली. मग सर घसा साफ करून म्हणाले, "शब्द त्यांचेच आहेत. धाकटीचे कान पिळणे."

कुलसचिव बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हे काम इथं दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"मग मंजूर."

तर तू कामावर येते आहेस. गाडी दुपारनंतर पोचेल. खोलीत मी गेलेली नाही, काही हलवलेलं नाही, नवं काही आणलेलं नाही. ह्यांना दारावर पहारा ठेवायला सांगितलंय, मलाच आत सोडायचं नाही म्हणून.

तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

आता तू फोन उचलतेस, पण फोनवर तू सगळं दोन वाक्यांत आटपतेस. माझं पोट भरत नाही. म्हणून पत्र.

त्या दिवशी गाडी विद्यापीठाच्या दाराशी थांबली, मुलं उतरली, पेट्या उतरल्या, तलवार उतरली, सर उतरले. तू सगळ्यांच्या शेवटी. माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बघू तोंड." हनुवटी धरून उजेडाकडे वळवलंस, लहानपणी शाळेत सोडताना बघायचीस तसं. "चूक केल्यावर बरी दिसतेस," म्हणालीस. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. नायिका मागून म्हणाली, "शेवटचा शब्द खाऊ नका." तुझी शिकवण पसरली आहे.

मग तू कान पिळलास. खरोखर पिळलास, सगळ्या नाट्य विभागासमोर. काम पूर्ण झाल्याची नोंद सरांनी घेतली.

तू राहिलीस त्या दिवसांबद्दल एक विचारायचं राहून गेलं. पहिले दोन दिवस तू बाहेरच्या दिवाणावर झोपलीस, खोलीत पाऊल टाकलं नाहीस. मी ओठ शिवून बसले होते. हे मला स्वयंपाकघरात येऊन विचारत, "बोललीस का?" आणि मी मान हलवत असे. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर दिवाण रिकामा आणि खोलीतून खुर्ची ओढल्याचा आवाज. तू खुर्चीवर चढून पडदे काढत होतीस. "भडक आहेत," म्हणालीस. ताई, ते तुझ्या आवडीचे होते. की ते माझ्या आवडीचे होते आणि मी तुझं नाव लावलं? ते काढलेले पडदे काल घडी करताना हे मनात आलं. तू काही बोलली नव्हतीस, ते तुझं मोठेपण.

पडदे गेल्यापासून खोलीत ऊन फार छान येतं.

आता काल. तू परत निघालीस. तिकीट तू स्वतः काढलंस, गावोगाव थांबणाऱ्या गाडीचं, आणि तेही चाकावरच्या सीटचं. माझ्या जिभेवर तीन चांगल्या गाड्या होत्या. एकीला वाटेत एकही थांबा नाही. मी तुला डबा दिला आणि गप्प राहिले. तू खिडकीतून म्हणालीस, "बोल, बोल, नाहीतर फुटशील." मी म्हटलं, "सुखरूप जा." जन्मात पहिल्यांदा मी कुणाला नुसतं एवढंच म्हणून निरोप दिला असेन.

कार्यालयात आले. भूगर्भवाले दगड घेऊन सुखरूप परतले होते, त्यांची फाईल बंद केली. भाषा विभागाच्या बाई परिषदेला पोचल्या, त्यांची बंद केली. तुझी फाईल नव्हती, तरी टेबलावर एक जागा मोकळी ठेवली होती. शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, एकजण पोचायचं आहे.

मग फोन वाजला. तुझ्या नंबरवरून. इतके महिने मी त्या नंबरला फोन लावत होते, त्याच्यावरून येताना पाहिला नव्हता.

"पोचले," तू म्हणालीस.

मी म्हटलं, "बरं."

"कपाट रिकामं करायला घेतलंय. पुढच्या आठवड्यात आणते. टेम्पो मी बघितलाय, हमाल मी सांगितलेत, घराचं काय करायचं तेही माझं मी ठरवलंय. तू काहीएक करायचं नाहीस. समजलं?"

"काहीच नको?"

तू थोडा विचार केलास. "दार उघडं ठेव. त्या दिवशी माझ्या कपाटाचा कोपरा खरचटवलास, तो मला दिसलाय."

ठेवीन, एवढं मला म्हणता आलं, मग शिपायानंच माझ्या हातातून फोन घेऊन खाली ठेवला. घरी आले आणि दाराच्या दोन्ही फळ्या उघडून, खाली विटा लावून ठेवल्या. हे म्हणाले, "अगं, ती पुढच्या आठवड्यात येणार आहे. आत्तापासून कशाला? डास येतात."

येऊ देत.

तुझी,
धाकटी